आधी संडास, मग संग्रहालय

मे २०२२ मध्ये शिंपीकाकांनी मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. आमच्या पुण्यातल्या शनिवार पेठेतल्या वाड्याच्या दिंडी दरवाज्यावर नोटीस डकवलेली. पेठांतल्या जुन्या वाड्यांना पावसाळ्याच्या तोंडावर अशा नोटिसा येतच असतात. महापालिका अधिनियमाचं कलम २६४, इमारत धोकादायक, दुरुस्त तरी करा नाहीतर उतरवून घ्या. आम्ही त्या वर्षानुवर्षं फायलीला लावत आलो होतो. या वेळी फोटोखाली काकांनी लिहिलं होतं, "मागची भिंत पोट काढून उभी आहे. एकदा येऊन जा."

गेले. भिंतीला खरंच पोट आलं होतं, हात लावला तर ओल. जुलैत तिचा एक तुकडा मागच्या बोळात ढासळला. रात्री अडीचची वेळ, म्हणून बोळात कुणी नव्हतं. त्याच बोळात नऊ बिऱ्हाडांचे दोन संडास आहेत, हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण तेव्हा ते डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात सगळा वेळ भिंतच.

वाडा माझं माहेर. लग्नानंतर मी कोथरूडला फ्लॅटमध्ये गेले, भाऊ नाशिकला, चुलत भावंडं जिकडेतिकडे. वाड्यात उरली ती भाडेकरू मंडळी. आता वाडा म्हटलं की लोकांना विश्रामबागवाडा आठवतो, दुसऱ्या बाजीरावानं १८०७ साली बांधलेला, सुरूच्या झाडासारख्या नक्षीदार खांबांचा. आमचा तसा नाही. ओंकारेश्वराकडे उतरणाऱ्या गल्लीत दडलेला, एका चौकाचा, दुमजली. पुढे ओटा, एका अंगाला शिंपीकाकांचं दुकान, आत ओसरी, सोपा, माजघर, चौकात बुजलेला आड. पणजोबांनी विकत घेतला तेव्हाच तो जुना होता, म्हणजे नेमका किती जुना ते दारावरची गणेशपट्टीच जाणे. कुठल्याही वारसा यादीत त्याचं नाव नाही. त्यामुळे अटी नाहीत आणि मदतही नाही.

आधी अर्थातच बिल्डर. दोघे येऊन गेले. पहिल्यानं चौकात उभं राहून वर बघितलं आणि "प्राइम लोकेशन" म्हणाला, त्याच्या डोक्यावर तेव्हा कौल हलत होतं. गणित मात्र दोघांचंही बसेना. गल्ली अरुंद, जागा लहान, शेजारचे दोन वाडे सोबत घेतल्याशिवाय इमारत परवडत नाही आणि त्या दोन वाड्यांत मिळून वारस किती ते देवाला माहीत. शिवाय शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत नवं बांधकाम होत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत आधी ना हरकत घ्यावी लागते, २०१० पासून तसा कायदाच आहे. आम्ही त्या दुसऱ्या पट्ट्यात. दुसरा बिल्डर हे ऐकून चहा अर्धा टाकून गेला. दुरुस्तीला मात्र परवानगी मिळते. ती वाट उरली, म्हणून आम्ही तिच्यावरून गेलो. सुरुवातीला त्यात वारसाप्रेम वगैरे काही नव्हतं, हे कबूल केलेलं बरं.

"मालक असून इतकी वर्षं दुरुस्ती का नाही केली?" असं लोक विचारतात. माडीवरच्या एका खोलीचं भाडं महिना ४० रुपये होतं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते. ४० वर ४ टक्के म्हणजे १ रुपया ६० पैसे. तेवढ्या पैशात कौलही येत नाही. दुसऱ्या बाजूनं, पन्नास वर्षं राहिलेला माणूस जागा सोडून जाणार कुठे? दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि मधे वाडा गळतोय, असं दोन पिढ्या चाललं.

माझ्या मैत्रिणीची मुलगी आर्किटेक्ट, जुन्या इमारतींचंच काम करते. ती आली ती एक स्क्रूड्रायव्हर घेऊन. प्रत्येक तुळईच्या टोकाला, प्रत्येक खांबाच्या बुडाला तो टोचत गेली. मधे टोचला की लाकूड दगडासारखं, ठक्क. भिंतीत शिरणाऱ्या टोकाला टोचला की आत जायचा, शिळ्या केकमध्ये जावा तसा. मग तिनं भिंतींतल्या भेगांवर आडव्या काचेच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवल्या, बोटाएवढ्या, आणि प्रत्येकीवर मार्करनं तारीख घातली. काच फुटली तर भेग चालू आहे, शाबूत राहिली तर जुनं दुखणं. तीन आठवड्यांत सात पट्ट्यांपैकी दोन फुटल्या, दोन्ही मागच्या भिंतीवरच्या. इतकी स्वस्त आणि इतकी खरं बोलणारी तपासणी मी दवाखान्यातही पाहिली नाही. बाकी वाडा, तिच्या मते, "आजारी आहे, म्हातारा झालेला नाही."

मग मी सगळ्यांची बैठक घेतली. चौकात सतरंज्या, चहा, बाकरवडी. बँकेत सव्वीस वर्षं काढल्यामुळे मला सादरीकरणाची खोड आहे. मी पडद्यावर चित्रं दाखवली: वाडा दुरुस्त करायचा, खालचा पुढचा भाग सगळ्या गल्लीसाठी मोकळा करायचा, तिथं छोटं संग्रहालय मांडायचं. आजीची तांब्यापितळेची भांडी, जुनी कागदपत्रं, पानशेतच्या पुराच्या आठवणी. बोलताना माझा मलाच गहिवर आला होता.

माडीवरच्या काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मला परकरी वयापासून ओळखतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान आहे हो. पण तुझं संग्रहालय बघायला येणारा माणूस दहा मिनिटांत घरी जाईल. मला रात्री दोनदा जिना उतरून बोळात जावं लागतं, गुडघे धरून. त्याचं काही चित्र आहे का यात?"

कुणी हसलं नाही. त्यानंतर जी यादी निघाली तिच्यात पहिलं नाव संडासाचं, मग पाण्याच्या दाबाचं, मग पोरांच्या अभ्यासाचं. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू, पोरगं दहावीला. ते ओंकारेश्वराच्या कट्ट्यावर पुस्तक घेऊन बसतं. पेठेत अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत, पण त्या बाहेरगावाहून स्पर्धा परीक्षेला आलेल्या मुलांसाठी, महिन्याचे पैसे मोजून. आमच्या गल्लीतल्या पोरांना तेवढे परवडत नाहीत. संग्रहालय हा शब्द त्या यादीत कुणी लिहिला नाही. मी घरी जाऊन दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी आर्किटेक्ट मुलीला फोन केला की आराखडा बदल.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण आठवलं की अजूनही डोकं दुखतं. मिळकत पत्रिकेवर नाव पणजोबांचंच. वारस चौदा. एक चुलत भाऊ अमेरिकेत, त्याचं मुखत्यारपत्र तिथे नोटरी होऊन, शिक्का बसून येईपर्यंत चार महिने. एका कार्यालयात आमची फाइल दोनदा हरवली आणि दोन्ही वेळा त्याच कपाटात सापडली. शेवटी असं ठरलं की वाड्याची मालकी आमचीच, भाडेकरू आपापल्या खोल्यांत कायम, आणि तळमजल्यावरची ओसरी, सोपा, चौक एवढा भाग आम्ही गल्लीतल्या लोकांचाच एक विश्वस्त न्यास नोंदवून त्याला नाममात्र भाडेपट्ट्यानं द्यायचा. भाडेकरूंचे हक्क जसेच्या तसे राहतील हे वकिलांनी मोठ्यानं वाचून दाखवल्यावरच सह्या झाल्या. त्याआधी लोकांना भीती होती की दुरुस्तीच्या नावानं बाहेर काढतील आणि परत घेणार नाहीत. ती भीती उगाच नव्हती, पेठेत असं झालेलं सगळ्यांनी पाहिलंय. त्यात डिसेंबर २०२३ मध्ये, आमचं काम सुरू होत असतानाच, बुधवार पेठेतला भिडे वाडा स्मारकासाठी पाडला गेला. फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली तो वाडा. त्याची गोष्ट निराळी, कोर्टकज्जे निराळे, पण दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर एकच प्रश्न: "ताई, आपला नाही ना पाडणार?"

पहिलं काम संडासांचं. मागच्या बोळात, जुन्या भिंतीपासून हातभर अंतर सोडून, लोखंडी सांगाड्यावर दुमजली नवं बांधकाम, वर तीन, खाली तीन, माडीवरून थेट जाता येईल अशी छोटी पुलासारखी वाट. नळ आणि सांडपाण्याचे पाइप सगळे त्याच्याच अंगावर, जुन्या भिंतीत एकही नाही. काही हौशी मंडळींनी नाकं मुरडली, म्हणाली वाड्याला लोखंड शोभत नाही. त्यांना मी रात्री दोन वाजता जिना उतरून बघा म्हटलं. काकूंनी उद्घाटन केलं, नारळ फोडला आणि मला पेढ्याऐवजी शंकरपाळे दिले, घरचे.

दुसरं काम वजन उतरवण्याचं. आमच्या माड्या कडीपाटाच्या: खाली सागवानी कड्या, त्यांवर फळ्या, वर माती आणि चुन्याचा थर. त्यावर कुणी शहाबादी घातली होती, वीसेक वर्षांनी शहाबादी न काढता त्यावरच मोझॅक, आणि अलीकडे मोझॅकवर चकचकीत टाइल्स. प्रत्येक बिऱ्हाडानं आपली खोली नीटनेटकी केली आणि कड्या मुकाट्यानं वाकत गेल्या. चार ट्रॅक्टर राडारोडा निघाला. तो निघाल्यावर आठवडाभरात एक दार, जे वीस वर्षं घासत होतं, आपोआप मोकळं झालं.

आता मिस्त्रींबद्दल. साठीचे, कमी बोलणारे, आयुष्यभर देवळं आणि वाडे केलेले. पहिल्या दिवशी त्यांनी मागच्या भिंतीवर छिन्नी लावली, सिमेंटचं प्लास्टर ताटाएवढं सुटून आलं आणि त्याच्या मागून ओल्या मातीचा वास. आतल्या जुन्या पातळ विटा पिठासारख्या झालेल्या, त्यांवर पांढरं खार. मिस्त्री म्हणाले, "ताई, कुणीतरी भिंतीचं नाक दाबून ठेवलंय."

मग त्यांनी समजावलं. आपल्या भिंती मातीच्या, विटांच्या, चुन्याच्या. त्या जमिनीतून ओल ओढतात आणि अंगावाटे सोडून देतात. चुना ती जाऊ देतो. सिमेंट जाऊ देत नाही. मग ओल आतच वर चढत राहते आणि भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक सापडलं की ते कुजवते. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते, तेवढ्यात आत सगळं संपलेलं असतं.

मी मान हलवली आणि गप्प राहिले. ते प्लास्टर मीच करून घेतलं होतं. १९९८ मध्ये, भाच्याची मुंज वाड्यात करायची म्हणून, बँकेतून कर्ज काढून. चुन्याचे पोपडे धुपून पाहुण्यांच्या कपड्यांना लागायचे ते मला आवडायचं नाही. वडील म्हणाले होते, "दर दिवाळीला चुना मारला की होतं." मी म्हटलं, "बाबा, आता कोण चुना मारतं?" मुंजीच्या फोटोंत भिंती फार सुंदर आल्यात. मिस्त्रींना हे मी दोन दिवसांनी सांगितलं. त्यांनी तंबाखू मळता मळता एवढंच विचारलं, "कर्ज फिटलं का?"

चुन्याचं काम बघायला गल्लीतली पोरं रोज यायची. कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून आलेले पांढरे खडे, पाण्याच्या हौदात टाकला की पाणी आपोआप उकळायला लागतं, वाफा, फसफस. पोरांना मिस्त्रींनी दोरी बांधून लांब उभं केलं. डोळ्यात उडाला तर डोळा जातो. तो चुना पाण्याखाली महिनाभर ठेवला, वर सतत बोटभर पाणी. मग चाळला, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून चक्कीत दळला. हिरडा रात्रभर भिजवलेलं पाणी, गूळ, बेलफळाचा चिकट गर. चौकात महिनाभर मुरांब्यासारखा, किंचित कडवट वास होता आणि गुळामुळे मुंग्यांची रांग. मिस्त्रींचं माप थापीवर: माल थापीवर घेऊन थापी उलटी करायची, लोण्यासारखा चिकटून राहिला तर झाला. पडला तर परत चक्कीत. आर्किटेक्ट मुलगी वहीत प्रमाणं लिहून घ्यायची, मिस्त्री तिला प्रमाण सांगायचे आणि स्वतः डोळ्यानं वेगळंच घालायचे. दोघांचं यावरून एकदा जोरदार वाजलं. तेव्हा तिचं बरोबर निघालं, सुरखी कमी पडून एक कोपरा भेगाळला. मिस्त्रींनी तो न बोलता उकरून परत केला.

आणि चुन्याला घाई चालत नाही. सिमेंट आपलं आपण आवळतं. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, म्हणून पातळ थर, दोन थरांत अंतर, ओली गोणपाटं टांगून सावली. ठेकेदारीच्या भाषेत हा सगळा "वाया गेलेला वेळ". याच कारणासाठी आमचे पहिले ठेकेदार काम सोडून गेले. त्यांची चूक म्हणवत नाही, त्यांची माणसं बसून राहायची.

तुळई बदलण्याचा दिवस मात्र विसरणं शक्य नाही. सोप्यावरची मुख्य तुळई एका टोकाला दीड हात कुजली होती, बाकी ठणठणीत. सगळी काढायची गरज नव्हती, टोक कापून तेवढंच नवं लाकूड तिरप्या खाचांनी जोडायचं होतं. नवं म्हणजे जुनंच. ताजं सागवान वाळताना पिळतं. भवानी पेठेत टिंबर मार्केटात पाडलेल्या वाड्यांचं लाकूड विकणाऱ्या वखारी आहेत. तिथे तीन तास हिंडल्यावर आम्हाला हवी त्या जाडीची तुळई मिळाली, कुणाच्या तरी माजघरातली. तिला मधोमध पाळण्याची लोखंडी कडी होती. वखारवाला म्हणाला कडी काढून देतो. मी राहू दे म्हटलं.

टेकू लावून, जॅकनं वरची माडी काडीकाडीनं उचलायची होती. वरच्या दोन बिऱ्हाडांची सोय आठवडाभर जवळच भाड्याच्या खोल्यांत केली होती, पण काकू हलायला तयार नाहीत. "मी पुरात हलले नाही, आता जॅकला घाबरू?" शेवटी त्यांना शिंपीकाकांच्या दुकानात खुर्ची टाकून दिली. सुतार जॅकचा दांडा पाव फेरा फिरवायचा, सगळे श्वास रोखून. लाकूड करकरायचं. मिस्त्री कान लावून ऐकायचे, म्हणायचे, थांब, आता ती विसावा घेतीय. चार तासांत दोन बोटं उचल मिळाली. त्या चार तासांत मी बेचाळीस वेळा पाणी प्यायले, असं शिंपीकाका सगळ्यांना सांगतात. आकडा त्यांचा.

चूक झालीच नाही असं नाही. छप्पर मे २०२४ मध्ये उघडलं. मिस्त्री एप्रिलमध्येच मागे लागले होते, पण मंगलोरी कौलांचे पैसे जमायला उशीर झाला आणि मी म्हटलं, पाऊस जूनमध्ये येतो. मेच्या मध्यात दुपारी चार वाजता वळीव आला, वाऱ्यासकट. ताडपत्री पतंगासारखी शेजारच्या गच्चीवर. माडीवरच्या ओल्या चुन्याचे पंधरा दिवसांचे श्रम अर्ध्या तासात दुधाच्या ओघळासारखे जिन्यावरून खाली. गल्लीतलं मंडळ तेव्हा धावून आलं, गणपतीच्या मांडवाचे पत्रे त्यांनी रातोरात चढवले. याच मंडळाशी आदल्या महिन्यात माझं भांडण झालं होतं, सोप्यात मांडवाचं सामान ठेवू देत नाही म्हणून. आता मागच्या बोळाच्या टोकाला त्यांचे बांबू असतात. मी काही बोलत नाही.

सोप्याच्या भिंतीवरचं सिमेंट उतरवताना, त्याच्या खालच्या जुन्या चुन्यावर माझ्या खांद्याच्या उंचीला एक तपकिरी आडवी रेघ दिसली. कोनाड्यामागच्या फटीत सुकलेला गाळ, बोटानं दाबला की भुकटी. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेत फुटलं, मग खडकवासला, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. आई तेव्हा नवी नवरी होती. ती सांगायची की चौकातून तिचं रुखवतातलं लाकडी पोळपाट तरंगत दिंडीतून बाहेर गेलं, आणि दुसऱ्या दिवशी चिखलात कुणाचं तरी दुसरंच पोळपाट मिळालं, ते तिनं पुढे चाळीस वर्षं वापरलं. रेघ पुसायची नाही यावर पहिल्यांदा सगळ्यांचं एकमत झालं. हातभर रुंद पट्टी आम्ही तशीच सोडली, भोवती नव्या चुन्याची चौकट, खाली फक्त तारीख. संग्रहालय म्हणाल तर तेवढंच झालं. गल्लीतली पोरं तिला पाठ लावून उंची मोजतात. "मी पुरात बुडलो असतो, तू वाचली असतीस" असा खेळ चालतो.

खर्चाचा अंदाज अडतीस लाखांचा होता, लागले एक्कावन्न. आम्ही भावंडांनी निम्म्याहून जास्त घातले, अमेरिकेतल्या भावाने सगळ्यात जास्त घातले आणि सगळ्यात जास्त प्रश्नही त्यानेच विचारले. भाडेकरूंनी आपापल्या खोलीचा आतला खर्च उचलला आणि आपणहून भाडं पाचशेवर नेलं. ते माझ्याकडे येऊन सांगायला काकूच आल्या होत्या. कायद्यानं मला १ रुपया ६० पैसे मागता आले असते.

२०२५ च्या पाडव्याला, ३० मार्चला, सोप्यात अभ्यासिका सुरू झाली. चोवीस खुर्च्या. गल्लीतल्या मुलांना फुकट, बाहेरच्यांना महिना सातशे, आणि ते पैसे फक्त दुरुस्तीच्या खात्यात. आठवड्यातून दोन संध्याकाळी एक निवृत्त नर्सबाई ओसरीवर बसून रक्तदाब, साखर तपासतात. त्यांच्यापुढे अभ्यासिकेपेक्षा मोठी रांग असते. आड साफ करून कौलांचं पावसाचं पाणी त्यात सोडलंय. वखारीतल्या त्या तुळईच्या पाळण्याच्या कडीला पंखा टांगलाय. दारात पाटी आहे, मजकूर शिंपीकाकांचा: "चपला रांगेत काढाव्यात. रांग म्हणजे एकीशेजारी एक, एकीवर एक नव्हे."

सगळं साधलं असं म्हणणार नाही. माजघरातलं बळद, म्हणजे भिंतीतलं धान्याचं कोठार, वाचवता आलं नाही, भिंतच तेवढी गेली होती. दोन खांबांवरचा ऑइलपेंट काढताना नक्षीही थोडी गेली. वरची एक खोली बंद आहे, त्या कुटुंबाचं आपसात कोर्टात चाललंय. आणि चुना दर दिवाळीला मारावाच लागणार. गेल्या वर्षी मी आणि नर्सबाईंची सून मिळून एक भिंत मारली, थोडी नीळ घालून. कपड्यांना लागतो. लागू दे.

या जुलैत पावसाचा जोर होता तेव्हा मी रोज कोथरूडहून जाऊन काचपट्ट्या बघायचे. मागच्या भिंतीवर काम झाल्यावर नव्या पाच लावल्या आहेत, तारखांसकट. चौथ्या दिवशी डावीकडून दुसरी फुटलेली. पोटात गोळा आला. आर्किटेक्ट मुलीला फोन लावला, ती म्हणाली हात लावू नकोस, येते. मी तिथेच बोळात छत्री धरून उभी. तेवढ्यात शिंपीकाका आले, त्यांनी काच बघितली, मला बघितलं, मग खिशातून एक ओला टेनिस बॉल काढला.

"सकाळी सापडला," म्हणाले. "इथेच, संडासाच्या पायरीखाली. कुणाचा ते विचारू नका, दहावीला आहे पोरगं."